अकरावं कलम आणि सुकेळ्यांचा मांडव

आत्याबाई, काल तुमच्या नातवाला, माझ्या पोराला, बिल्डरचं पत्र आलं. त्यानं बोळिंजला फ्लॅट घेतलाय. ताबा मिळायची तारीख उलटून दोन वर्षं झाली, आणि तिसऱ्या मजल्यावर अजून नुसत्या सळया उभ्या आहेत. पत्रात लिहिलंय की पाऊस, रेतीची टंचाई आणि सरकारी अडचण, अशा आमच्या हाताबाहेरच्या कारणांनी उशीर झाला, तरी करारातलं कलम पाहावं आणि सहकार्य करावं. पोरगा डोक्याला हात लावून बसला. मला हसू आलं. सुनेला वाटलं म्हातारीला वेड लागलं. तिला काय माहीत, या कलमाची आणि माझी जुनी ओळख आहे. त्या बिल्डरला निदान पत्र पाठवायची अक्कल होती. तुम्हाला तेवढीही नव्हती.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंतपणी बोलायची सोय तुम्ही ठेवली नव्हती, मग बोलायचं कधी?

मुंबईचा तो शेठ आपल्या ओट्यावर बसलाय, अजून दिसतो मला. पांढरा सफारी, पायात मोजे. त्याला सुकेळी परदेशी पाठवायची होती, सुबक खोक्यांत, संक्रांतीच्या आत. राजेळी केळ्यांची, आपल्या मांडवावर वाळलेली, मधाच्या रंगाची. त्यानं स्टॅम्पाचा कागद आणला होता. पोरं कामाला गेलेली, घरात वाचता येणारी मी एकटीच, चौथी पास. तुमचा मुलगा, माझा नवरा, सही करण्यापुरता शिकलेला, आणि बोलायला तेवढाही नाही. मी एकेक कलम मोठ्यानं वाचलं. अकराव्यात होतं की आस्मानी-सुलतानी संकट आलं आणि माल देता आला नाही तर कोणाचा दोष नाही, फक्त आठ दिवसांच्या आत लेखी कळवायचं. शेठनं तेवढं कलम मला दोनदा वाचायला लावलं. तुम्ही पदर सारखा करत म्हणालात, "आपल्या शब्दाला पानी लागत नाय." शेठ हसला. त्याला वाटलं म्हातारी गमतीशीर आहे.

त्याच संध्याकाळी मागच्या पडवीत तुम्ही मला दुसरा शब्द दिलात. एवढा माल पार पडला की मांडव तुझा, मी आता बसून खाईन. तीस वर्षं मी तुमच्या हाताखाली केळी सोलली, उन्हात मांडली, दिवस कलला की गोळा करून फडक्यात गुंडाळली. तीस वर्षांत "बरं झालंय" हे दोन शब्द तुमच्या तोंडून निघाले नव्हते. त्या दिवशी अख्खा मांडव निघाला. मी मूर्खासारखी देवाला साखर ठेवली.

आणि मग मावठ आलं. घड पिकले होते, सगळे एकदम सोलू नका म्हटलं होतं मी, निम्मे ठेवा, वारा खारा वाहतोय. तुम्ही सगळे सोललेत. तीन दिवस ऊन म्हणून दिसलं नाही. केळी चिकटली, आंबली, माश्या बसल्या. चौथ्या दिवशी मी म्हटलं, शेठला पत्र घालू, कलमात लिहिलंय तसं. तुम्ही सोलायची सुरी खाली ठेवलीत, ती मला अजून दिसते, आणि म्हणालात, "चार बुकं शिकली म्हनून मला तोंड लपवायला शिकवतेस? तुझ्या बापानं कबूल केलेला तांब्याचा हंडा आला नाय, त्याचं पत्र आलं होतं का गं?"

तेव्हा मी आजी होणार होते, आत्याबाई. सेहेचाळीस वर्षांची होते मी. हंडा अजून तुमच्या डोक्यात होता.

पुढं काय केलंत ते गावाला ठाऊक नाही, मला ठाऊक आहे. अर्धवट सुकलेली केळी न्हाणीच्या चुलीवर टांगलीत आणि धुरावर वाळवलीत. रंग आला. वास कुठं जाणार? खोकी भरून पाठवलीत, आणि आठव्या दिवशी शेठ टेम्पोतून सगळी परत घेऊन दारात. एक सुकेळं मोडून त्यानं तुमच्या नाकाजवळ धरलं. अंगणाच्या कुंपणाशी अर्धी आळी उभी होती. तुमचा मुलगा स्वतःच्या चपलांकडं बघत होता, जणू काही त्या आजच विकत घेतल्यात.

तेव्हा तुम्ही बोट माझ्याकडं केलंत. "हीच. विटाळशी असून मांडवाखालनं गेली, म्हनून माल नासला. तिचा विटाळ लागला. देवाचं आहे ते, आमचा काय दोष?"

माझी पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. तुम्हाला ते पक्कं माहीत होतं, घरातल्या बायकांचे दिवस तुमच्याइतके कोणी मोजत नसे. आणि परक्या पुरुषासमोर, अर्ध्या आळीसमोर मी ते तोंडातून काढू शकणार नाही, हेही तुम्हाला पक्कं माहीत होतं. मला आस्मानी संकट केलंत तुम्ही. शेठनं माझ्याकडं एकदा पाहिलं, हातातलं सुकेळं खोक्यावर ठेवलं आणि म्हणाला, "माँजी, सूनबाई कलमात बसत नाहीत. ऊन नव्हतं एवढं कळवलं असतंत, तर मी महिना वाढवून दिला असता. मी काय खाणार होतो तुम्हाला?"

कुंपणापलीकडं कोणीतरी फिसकन हसलं. तुमची मान खाली गेली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

मांडव मला मिळाला नाही. मांडवच राहिला नाही, त्याचे बांबू पुढल्या पावसाळ्यात चुलीत गेले. पण तुमचं बोट तेवढं राहिलं. तीन-चार वर्षं लोणची घालताना शेजारणी मला ओट्यावरच बसवत, पापडाच्या लाट्यांना हात लावू देत नसत. एकीला मी कानात खरं सांगितलं, तर म्हणाली, मग तर बाई जास्तच जपायला हवं, विटाळ नसताना एवढं नासलं तर! अशी ही बायकांची जात. तुमच्याच हाताखालून गेलेली.

शेवटी तुम्ही खाटेवर होतात. तोंडाला चव नव्हती, दोन दिवस पेज थुंकत होतात, आणि एकदा म्हणालात की सुकेळ्याचा एक तुकडा दे. पलीकडच्या वाडीतून आलेली चार सुकेळी त्या दिवशी घरात होती. मी म्हटलं, "आभाळ आहे आत्याबाई. माझ्या हातातलं नाही." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तुम्हाला कळलं. मला वाटतं तुम्हाला आवडलंही असेल, शेवटी शिकवण तुमचीच. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात, आणि ती सुकेळी मी बाराव्याला आलेल्या पोरांना वाटली.

एवढं लिहिलं आहे तर उरलेलंही लिहिते. मावठाच्या चौथ्या दिवशी, तुम्ही हंड्याची गोष्ट काढल्यावर, मी शेठला पत्र लिहिलं होतं. वहीच्या पानावर, पेन्सिलीनं, कलमाचा आकडा घालून. पाकिटावर पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि पोस्टापर्यंत चालत गेले. पेटीत टाकायचं तेवढं बाकी होतं, आठातले चार दिवस हातात होते. मला मांडव हवा होता. पण तुमची मान खाली गेलेली बघायची होती, ती त्याहून जास्त. पाकीट पोलक्यात घालून मी तशीच परत आले आणि तुम्हाला चहा करून दिला.

ते तांदळाच्या डब्यात तळाला आहे, तिकिटासकट. हेही तिथंच ठेवते.