घोड्यांवर हरलेले पैसे

नाना, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी सांगलीची ती मुलगी आठवली की माझ्या पोटात अजून दुखतं. दुसरं महायुद्ध चालू होतं. मी सतरा वर्षांची होते, तीही तेवढीच असेल.

साताऱ्याच्या आपल्या घरी पुढच्या खोलीत तुमची वकिली चालायची. तिचे वडील हळदीचे व्यापारी. दुकान सांगली संस्थानात, पण इंग्रजी मुलखात कराडला पेढी, म्हणून इकडचा आयकर त्यांच्या मागे लागलेला. त्या साली ते हळदीच्या वायदेबाजारात बुडाले होते आणि पुण्याच्या रेसमध्येही. वायद्यातलं नुकसान उत्पन्नातून वजा होईल, तो धंदाच आहे, असं तुम्ही त्यांना सांगितलंत. त्यांना घोड्यांवर हरलेलंही वजा करून हवं होतं. मी रेशनच्या साखरेचा चहा घेऊन आत येते तेव्हा ते म्हणत असतात, "आवं वकीलसाहेब, हळद काय आन् घोडं काय, पैसा गेला तो गेलाच न्हवं?" तुम्ही पेन्सिल हनुवटीला लावून विचार करताय. जो माणूस दर शनिवारी नेमानं रेसला जातो, त्याचा तो धंदाच आहे, असं मांडून बघता येईल, असं तुम्ही म्हणता. मला तुमचा केवढा अभिमान वाटतो.

तेवढ्यात भिंतीशी बसलेली ती मुलगी बोलली. "गेल्या दिवाळीला बाबा रेसला जिंकलं, तवा त्यावर कर भरला न्हाई. मग आता हरल्यालं सरकारनं का सोसायचं?"

तिचे वडील तिच्याकडे बघतच राहिले. तुम्ही मात्र पेन्सिल खाली ठेवलीत, तिला टेबलाजवळ बसायला सांगितलंत आणि तासभर तिच्याशी बोललात. बोलता बोलता तुम्ही तिला अहो-जाहो करू लागलात. मला त्या खोलीत कधी कुणी बस म्हटलं नव्हतं. कप उचलायच्या निमित्तानं मी दोनदा आत आले, तुमचं लक्षही गेलं नाही.

घोड्यांवरचं नुकसान तुम्ही वजा करून मागितलंच नाही. कर भरण्यासाठी त्यांना तिच्या लग्नाकरता राखलेलं, जमिनीखाली साठवलेल्या हळदीचं पेव विकावं लागलं आणि लग्न दोन वर्षं लांबलं. असं होणार हे तिला बोलतानाच ठाऊक होतं, असं तुम्ही आईला कौतुकानं सांगितलंत. मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, मलाही अगदी तेच वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "मग बोलली का नाहीस?" मी पुढची पोळी लाटायला घेतली. खरं सांगायचं तर मला तसं काही वाटलंच नव्हतं.

तिच्या लग्नाला तुम्ही मुद्दाम सांगलीला गेलात आणि तुमचा इंग्रजी शब्दकोश तिला देऊन आलात. तोच, ज्याच्या समासात तुमचं अक्षर होतं आणि ज्याला हात लावलेला तुम्हाला खपत नसे. माझ्या लग्नात मला शालू मिळाला. चांगला होता, पण शालूच.

पुढे मीही सांगलीतच नांदले. ती गणपतीच्या देवळात दिसायची आणि मी खांबाआड व्हायचे. एकदा तिनं गाठलंच. म्हणाली, "वकीलसाहेबांची लेक न्हवं तुमी? त्या दिवशी तुमी च्या दिला, माझं हात थरथरत हुतं, तुमी कप धरून ठिवला." मला काही आठवत नाही, असं सांगून मी निघाले. गेल्या वर्षी ती गेली. मी भेटायला गेले नाही.

आता नातू करसल्लागार झालाय. जुगारातलं नुकसान करातून वजा व्हावं की नाही, यावर परवा जेवताना त्याचा मित्राशी वाद चालला होता. मी तुमच्या खोलीतली ती हकिगत सांगितली, पण बोलणारी मुलगी कोण ते सांगितलं नाही. "आजी, तू सतराव्या वर्षी हे बोललीस?" नातवानं विचारलं. मी हो म्हटलं, नाना. आणि तुम्ही मला अहो म्हणालात, हेही सांगितलं.