मार्फत गयासुद्दीन

अकोला. श्रावण लागला आहे, पाऊस लागलेला नाही.

प्रिय बालमित्र गयासुद्दीन यास खुशालरावचा सलाम आणि रामराम, दोन्ही.

टुक्-टुक्-टुक्-फस्स. ओळखलंस? हिवरखेडच्या आपल्या शाळेच्या भिंतीपलीकडच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन. आज दुपारी लाईन गेली, पंखा थांबला आणि ते इंजिन माझ्या कानात सुरू झालं. देवीदास गुरुजी त्याच ठेक्यावर आपल्याकडून कविता म्हणवून घ्यायचे. गिरणीवाल्यानं इंजिन बंद केलं की कविता जिथं असेल तिथं थांबायची. असो. तुझा गुडघा कसा आहे? नसीमभाबींचा खोकला? तुझी नात, नाजियाची अरीबा, आता बोलायला लागली असेल. (आपण दोघं बोलत नाही, तर घरात कुणीतरी बोललेलं बरं.) आम्हा उभयतांचं ठीक. हे पत्र लिहितो आहे ते सुभद्राला सांगितलेलं नाही. ती "आता काहून?" म्हणेल.

आता काहून, तेच सांगतो. नाजियाच्या लग्नात, ऐन जेवणावर, गुरुजींच्या त्या बगळ्याच्या कवितेवरून आपलं जे झालं ते तू विसरला नसशील. तू म्हणालास कडवी तीनच, मी म्हणालो चार. 'बगळा गेला नदीपलीकडे, निरोप ठेवून कुणाकडे' एवढं विचारून कवी हात झटकून कसा जाईल? निरोप कुणाकडे ठेवला ते चौथ्या कडव्यात असणारच. आपल्याला ते येत नाही याचं कारण कवी नव्हे, गिरणीवाला. त्यावर तू चारचौघांत म्हणालास, "खुशाल्या, जे नाही तेच तुले आठवते." मी बिर्याणी तशीच ठेवून अमरावतीहून अकोल्याची एस.टी. धरली. (बिर्याणीचं दुःख अजून आहे.) तेव्हापासून ना तुझा शब्द, ना माझा.

मी मात्र त्या चौथ्या कडव्याच्या मागे आहे. आमच्या गल्लीत गुलफाम नावाचा भला माणूस नेट कॅफे चालवतो. त्याच्याकडे बसून शोधता शोधता जुन्या शाळेतल्या कवितांची एक वेबसाइट मिळाली, आणि तिथं आपला बगळा! पहिल्या दोन ओळी स्वच्छ, खाली सगळं धुकं, आणि धुक्यावर पाटी, की पुढं वाचायचं तर आधी नाव नोंदवा, ईमेलचा पत्ता द्या. कवितेच्या दारात नाव विचारतात हे मला बरंच वाटलं. दिला पत्ता. लगेच मेल आला, 'पत्ता आपलाच असल्याची खात्री करावी.' मी सविस्तर उत्तर लिहिलं, की मी तोच खुशालराव, मूळ हिवरखेडचा, देवीदास गुरुजींचा विद्यार्थी, खात्री बाळगावी, आणि इकडे आल्यास घरी चहाला यावं.

चहाला कोणी आलं नाही, पण मेल येऊ लागले. केस उगवणारं तेल, घरबसल्या इंग्रजी, परदेशातलं स्थळ (मला!), दुप्पट पीक देणारं बियाणं. त्या बगळ्यानं माझा पत्ता कुणाकुणाकडे ठेवला, देव जाणे. आलेल्या पत्राला उत्तर न देणं आपल्याला शिकवलेलंच नाही, म्हणून मी प्रत्येकाला लिहीत गेलो. बियाणंवाल्यांना कळवलं, की पाऊस दडी मारून बसलाय, भातकुलीकडे जावयाची पेरणी मोडली, तुमच्याकडे कसं काय? 'आपला प्रतिसाद आमच्यासाठी मोलाचा आहे' असं त्यांचं उलटटपाली उत्तर आलं. गयास, वऱ्हाडात सध्या इतकं आपुलकीनं कोणी बोलत नाही. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. तेव्हा मात्र मन थोडं खट्टू झालं.

शेवटी गुलफामनं माझी पेटी उघडून पाहिली आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, काका, उत्तर द्यायचंच नसते, त्यानं हे लोक आणखी येतात. अन् खात्रीच्या मेलमधली ती निळी ओळ नुसती दाबायची असते, आता तिची मुदत गेली. दुसऱ्या पत्त्यावरून नोंदणी करा, पण खरा पत्ता देऊ नका. असा द्या, जिथं कचरा पडला तरी चालते.

आता मला माझ्याखेरीज पाठ असलेला ईमेलचा पत्ता एकच, नाजियाच्या लग्नपत्रिकेवरचा. तुझा. (कचरा हा शब्द गुलफामचा, माझा नव्हे.) पण खरं सांगतो, लिहिताना काही वावगं वाटलंच नाही. आपल्या आळीची सगळी टपाल पोस्टमन तुझ्या अब्बांच्या दुकानात टाकून जायचा आणि तू अनवाणी पायांनी ती घरोघरी पोचवायचास. माझ्या बापाच्या पत्रांवर सुद्धा 'मार्फत' तुमचंच दुकान असायचं. हात त्या वळणानंच गेला. नाव माझं, पत्ता तुझा.

तरी सध्या तुझ्या पेटीत 'प्रिय खुशालराव' म्हणून तेलवाले, बियाणंवाले येत असतील तर राग मानू नये. उत्तर तर मुळीच देऊ नये. नसीमभाबींना सलाम, अरीबाला पापा.

तुझाच,
खुशाल

ता. क. त्या गर्दीत बगळ्याच्या वेबसाइटचा एक मेल असेल. त्यातली निळी ओळ तेवढी दाबशील का? मग कविता पूर्ण दिसेल.

पुन्हा ता. क. चौथं कडवं असलं तर उतरवून पाठव. नसलं तर कळवायची गरज नाही. वेबसाइट बंद पडली म्हण, मी विश्वास ठेवीन. नाहीतर काहीच पाठवू नकोस, नुसतं 'गुडघा बरा आहे' एवढं लिही.

आणखी एक. दार वाजलं म्हणून सुभद्रा उठली होती. आता तिकडूनच ओरडून सांगते आहे, "अवो, गयासभाऊ आले! कागदाची ही थप्पी घेऊन. म्हनतात, खुशालरावची टपाल आली आमच्या घरी, ते द्याले आलो."

केसांच्या तेलासकट सगळं छापून आणलंस की काय? अमरावतीहून, त्या गुडघ्यानं?

उठतोच आहे, चप्पल सापडेना. तू दारातच उभा राहून चौकटीवर ठेका धरलास. टुक्-टुक्-टुक्. बगळा म्हणतो आहेस. पहिलं झालं. दुसरं. तिसरं कडवं संपलं, गयास, आणि तू थांबला नाहीस.