पाच वाजताचा फोटो

६ एप्रिल, रविवार

चार मिनिटं उशीर. चार!

नियम साधा आहे. रोज पाचला नुपूरनं घराच्या बाल्कनीतून स्वतःचा फोटो पाठवायचा. पाचला रास लफानच्या गॅस प्रकल्पावरून आमची कंपनीची बस सुटते, पुढं तासभर मी नुसता बसून असतो — ती घरी आहे एवढं कळलं की शांत. एवढंच मागतो मी! नाशिकचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडून दोह्याला परत आलो ते कुणासाठी? इथं स्टोअरमध्ये दिवसभर नटबोल्ट काढून देतो ते कुणासाठी? तिची बारावीची परीक्षा संपलीये, दिवसभर मोकळी, आणि एक फोटो वेळेवर निघत नाही.

"अंघोळीला गेले होते रे," म्हणे. पाच वाजता अंघोळ?

शेजारच्या सीटवर संपतकाका, साताऱ्याकडचे, बांधकामाच्या परांच्या बांधतात. माझ्या फोनात डोकावून म्हणाले, "काय रं, हजेरी घेतोस व्हय पोरीची? आमचा फोरमनबी एवढी घेत नाय!"

"प्रेम आहे काका. तुम्हाला नाही कळणार."

"आसंल बाबा. माझा फोन दिवसभर लॉकरात, बायको गावाकडं. एकोणीस वर्सं झाली, कुठं काय बिघडलंय?"

म्हातारा!

८ एप्रिल

तिचं बॅडमिंटन फेब्रुवारीतच बंद केलंय. हॉलवर पोरं येतात. आज पुन्हा तोच विषय. "कोमल असते ना बरोबर, खेळू दे की." कोमल म्हणजे तिची मैत्रीण. तीच कान भरते. मी म्हटलं, मी की रॅकेट, ठरव. ती रडली. मग मलाही रडू आलं. एवढं प्रेम कुणी कुणावर करतं का!

१० एप्रिल, गुरुवार

आजचं पान फाडलं. बाबांच्या गाडीतून चक्कर मारायला गेलो होतो, थोडं वाजलं, मिटलं. तिनं सॉरी म्हटलं. लिहिण्यासारखं काही नाही.

१३ एप्रिल

कालपासून फोटो पाचच्या ठोक्याला! आणि ड्रेस पूर्ण बाह्यांचे — या उकाड्यात, मी न सांगता. सुधारली.

१४ एप्रिल

पाच वाजता फोटो. हसतेय. माझी आहे.

१६ एप्रिल, बुधवार

दुपारपासून धुळीचं वादळ. बसमधून पुढची गाडी दिसत नव्हती, सगळं पिवळं. ड्रायव्हर दिवे लावून रांगत चालवत होता.

पाचला फोटो आला. नुपूर बाल्कनीत. मागं निळंशार आकाश!!

घरी येऊन शनिवारपासूनचे पाचही फोटो एकाखाली एक लावले. पाच दिवस, पाच ड्रेस. समोरच्या इमारतीच्या खिडकीत तोच लाल टॉवेल, तसाच अर्धा घसरलेला. पाचही दिवस! कुणी काढला नाही, उडाला नाही.

खोटारडी. कोण आहे तो? नाव कळू दे फक्त.

१७ एप्रिल, गुरुवार

खोटं सांगून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. पावणेपाचला अल अझीझियात, तिच्या इमारतीखाली. बाल्कनी रिकामी. बरोबर पाचला फोन वाजला — फोटो. बाल्कनीत उभी, केस उडतायत. मी मान वर करून त्याच बाल्कनीकडं बघतोय. तिथं कुणी नाही.

मग डोक्यात आलं. पाच. पूर्वी बॅडमिंटनची वेळ पाचची होती.

हॉलच्या दाराला काच आहे. आत ती आणि कोमल. दुसरं कुणी नाही. कुणीच नाही. शटल नेटला अडकलं आणि ती पोट धरून हसत खाली बसली. असं हसताना मी तिला कधी बघितलं नव्हतं.

दार उघडलं. तिनं मला बघितलं आणि रॅकेट तोंडासमोर धरली. मी काही बोललोसुद्धा नव्हतो!

कोमल मध्ये आली. "अवधूत, जा. खलास. संपलंय हे."

"फोटो कुणी काढले?"

"मी काढले. शुक्रवारी. एका संध्याकाळी सात ड्रेस बदलले तिनं. सात! रोज तासभर खेळायला मिळावं म्हणून. अजून एक शिल्लक आहे, हवा तर आत्ताच घे."

नुपूरनं रॅकेट खाली केली. अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट. मनगटावर पिवळट डाग होते. शटल लागलं असेल.

१८ एप्रिल, शुक्रवार

एकतीस फोन केले. उचलत नाही. मग लिहिलं — तू गेलीस तर मी जिवाचं काहीतरी करून घेईन. करणार नव्हतो. तिनं घाबरावं आणि फोन करावा म्हणून लिहिलं.

फोन आला. तिचा नाही, तिच्या आईचा, आणि बाबांना. तिनं घरी सगळं सांगितलंय. माझा मेसेजही दाखवला.

मला वाटलं, बाबा ओरडतील. ते पलंगावर टेकले. "हे जिवाचं खरं आहे का रे?" नाही म्हणालो.

"तिची आई म्हणते, तू हात उगारलास. मनगट धरून पिरगळलंस. खरंय?"

"नाही."

"माझ्याकडं बघून सांग."

बघून सांगितलं.

मग माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला. "वहिनी, आमचा अवधूत डोक्यानं गरम आहे, मान्य. पण मुलीवर हात टाकणार नाही. माझा शब्द. नुपूरला एकदा पुन्हा विचारून बघा, तिचा काही गैरसमज झाला असेल."

बाबांनी फोन ठेवला. म्हणजे आता ती आई तिला विचारणार — खरं सांग, नक्की काय झालं? जसं मी विचारायचो. नक्की अंघोळीलाच गेली होतीस का?

जेवलो नाही.

१९ एप्रिल, शनिवार

दहा तारखेच्या फाडलेल्या पानावर हे होतं :

गाडीत तिचा फोन मागितला. देईना. मनगट धरून पिरगळलं. "अवधूत, दुखतंय," म्हणाली. मी तरी सोडलं नाही. फोन हातातून पडला तेव्हा सोडलं. मग तिलाच सॉरी म्हणायला लावलं. दोनदा. पहिलं मनापासून वाटलं नाही म्हणून.

हे पान फाडत नाही. बाबा ड्यूटीवरून आलेत, तोंड धुतायत. वही त्यांच्या चहाशेजारी ठेवतोय. उघडी.