मागची खोली आणि तिथले अर्क

मी, खाली सही करणारी, या घराची मालकीण आणि मद्यार्कात पानं-मुळं भिजवून औषधी अर्क करणारी बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे आणि कोणाचं दडपण नाही. माझ्यावर दडपण आणणारा माणूस या घरात अजून जन्मायचा आहे.

१. राहतं घर ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. यजमानांच्या पगारात किराणा भागायचा, भिंती अर्कांवर उभ्या राहिल्या. हे ते स्वतःच कौतुकाने सांगत. मागची खोली सोडून बाकी घर मुलाला द्यावं.

२. बँकेतली शिल्लक लेकीला. तिने ती जपून ठेवू नये, मजेत खर्च करावी.

३. धाकट्या जाऊबाई आयुष्यभर सांगत आल्या, "तिच्या औषधात काही नाही हो, सगळी करामत त्या दारूची!" त्यांना नुसत्या मद्यार्काची एक लहान बाटली द्यावी. त्यात मी एक पानही भिजवलेलं नाही. खोकला झाला की चार थेंब पाण्यातून घ्यावेत आणि करामत बघावी.

४. मागची खोली, बरण्या, गडद काचेच्या बाटल्या, तराजू, पिळायची फडकी आणि सगळं काम सूनबाईला.

मुलाला हे पटणार नाही. परवा जेवताना तो म्हणालाच, "आई, तुझ्यामागे कोण बघणार हे? अर्क उतरला की नाही, ते वासावरून सांगणारी तू एकटी. खोली भाड्याने देऊन टाकू."

बाळा, मुद्दा बरोबर आहे. पानं ओली राहिली की बरणी बिघडते, मुळं जास्त भिजली की अर्क उग्र होतो, आणि ते आधी वासाला कळतं. माझी बाटली कधी कोणी परत आणली नाही. याचा मला चक्क गर्व आहे.

आता ऐक. त्या मोठ्या तापानंतर मला कसलाच वास येत नाही. मी कोणाला कळू दिलं नाही. अर्कवाल्या बाईने हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

सूनबाईने ओळखलं, पण चकार शब्द काढला नाही. बरणी उघडली की ती शेजारी येते, वाकून वास घेते आणि विचारते, "आई, उग्र व्हायला लागलाय ना जरा? आजच गाळूया म्हणताय ना?"

मी म्हणते, "तेच म्हणत होते."

मग ती घरभर सांगते, "आईंनी गाळायला सांगितलंय."

तेव्हापासून इथून गेलेला प्रत्येक अर्क तिचा आहे, आणि त्यातलीही एकही बाटली परत आलेली नाही. अशी सून मला मिळाली, याचा आनंद मला घर बांधल्याच्या आनंदापेक्षा मोठा आहे.

५. बाटल्यांवरचं माझं नाव काढून आजपासून तिचं घालावं. वकील म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं. तेवढं थांबायची माझी तयारी नाही. सह्या झाल्या की हा कागद मी आज जेवायला बसल्यावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार आहे.

लिहून देणार: (सही) अर्कवाली

साक्षीदार, ज्यांच्या समोर मी सही केली:
१. (सही) शेजारचे घड्याळवाले
२. (सही) बाटल्या पुरवणाऱ्या काचवाल्या बाई

स्थळ: राहतं घर, मागची खोली
दिनांक: ७ फेब्रुवारी २०२१