देवीच्या तसबिरीमागं

अम्मा, काल देवीच्या तसबिरीची काच तडकली. माझी चेली, मी हाताखाली घेतलेली पोर, कोनाडा पुसत होती, तिच्या हातून निसटली. तिला त्याचं काहीच नाही. म्हणाली, तडा गेलेला देव घरात ठेवत नसतात, उद्या घोड नदीत सोडून येते, शिरूरच्या बाजारातून नवी आणू. तिचंही बरोबरच, रीत तशीच आहे. पण त्या पुठ्ठ्यामागं कोण कोण बसलंय ते तिला मी कधी सांगितलं होतं? मी तसबीर हिसकावून घेतली आणि मांडीवर धरून बसले. नदीत सोडावी तर मागचे फोटो सुटे होऊन कुणाच्या हाताला लागतील, फ्रेमवाल्याकडं न्यावी तर काच घालायला तो मागची बाजू उघडणारच. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

तुम्ही गेल्यावर तसबीर मी इथं आणली, पण तुमची दौंडची खोली डोळ्यांपुढनं हलत नाही. मंगळवार आहे, स्टोव्हवर चहा उकळतोय आणि आपण सगळ्या जमतोय. कुणी दुकानादुकानांपुढं टाळी वाजवून बाजार मागून आलेली, कुणी कंपनीतून शर्ट-पँटवरच आलेली. ती आधी मोरीत जाऊन साडी नेसणार, मगच कप हातात घेणार. एकमेकींच्या डोक्याला तेल लावता लावता कुणाला घरात मार पडला ते कळायचं, दवाखान्यात कुणाबरोबर कोण जाणार ते ठरायचं. तुम्ही जन्मानं मुसलमान, पण यल्लम्माचा दिवा कधी चुकवला नाही. नवी कुणी आली की तिच्या पहिल्या साडीत तिला घेऊन तुम्ही फोटो स्टुडिओत जायच्या, आम्हीही मागोमाग. स्टुडिओवाला अर्धं शटर ओढून घ्यायचा. आम्ही बाकावर नटून बसायचो आणि तुम्ही शटरपाशी, रस्त्याकडं तोंड करून. तुम्हीपण या की, म्हटलं तर खेकसायच्या, "मंग दारात कोन, तुजा बाप उबा ऱ्हाईल?" घरी आलं की पकडीनं चुका उपसून तो फोटो देवीच्या मागं सरकवायच्या. आम्हाला हसू यायचं, तेव्हा एकदाच म्हणालात, "घरचे आपले फोटू जाळत्यात. देवीला कोन जाळतंय?"

मग धाकटीचे भाऊ आले. कारेगावची ती, वयानं सगळ्यांत लहान, म्हणून आपण तिला धाकटी म्हणायचो. घरच्यांनी नवरी बघून तिचं लग्न ठरवलं होतं आणि तिचे साडीतले फोटो निघालेत हे भावांना कुठूनतरी कळलं होतं. हातात काठ्या. पेटी उपडी केली, गादी फाडली, पिठाचा डबासुद्धा जमिनीवर ओतला. मी मोरीत दडून बघतेय. थोरला कोनाड्यापाशी गेला, तसबिरीला हात घातला, आणि मला वाटलं संपलं. त्यानं देवीच्या पायाला बोट लावून कपाळाला टेकवलं आणि धाकटीला धरून ते निघून गेले. तुम्ही जागच्या हलला नव्हतात. केवढं काळीज, असं मला वाटलं. मग तुम्ही चहा टाकायला बसलात आणि काडी पेटेना. एक मोडली, दुसरी मोडली. शेवटी काडेपेटी माझ्या हातात दिलीत.

धाकटी आता बायकापोरांची आहे, कंपनीत सुपरवायझर. बाजारात दिसते, माझ्याकडं बघते आणि भाजीच्या ढिगाकडं वळते. मला तिचा राग येत नाही, भीती वाटते. माझ्या कोनाड्यातून तिचा संसार उधळायला कितीसा वेळ लागेल?

आज चेली भाजीला गेल्यावर मी आतून कडी लावली आणि चुका काढल्या. गंजलेल्या, बोटं सोलली. बरेचसे फोटो ओलीनं एकमेकांना चिकटलेत. सोडवायला गेले की आपलीच कुणाची तरी साडी निघून यायची, मग हात आखडला. धाकटीचा मात्र लख्ख, अबोलीचा गजरा घालून हसतेय. तेवढ्यात चेली परत आली, दार वाजवून वाजवून दमली तेव्हा उघडलं. तिनं जमिनीवर पसरलेलं सगळं बघितलं आणि मटकन खाली बसली. "ह्या कोन?" तिनं विचारलं. मी एकेकीवर बोट ठेवून सांगत गेले, कोण स्टँडवर वारली, कुणाला घरच्या माणसांनी केस कापून, पुरुष म्हणून पुरली, कोण खिचडी करपवायची. ती म्हणाली, मोबाईलमध्ये काढून ठेवते, नाहीतर ओलीनं सगळ्या जातील. मी फोटोंवर हात आडवा धरला. पण ज्या गेल्या त्यांना आता कोण मारणार? त्यांचे काढू दिले. धाकटीचा नाही. तो परत देवीमागं गेला. नवी काच माझी मीच बसवणार आहे, आणि चुका ठोकायच्या आधी हे पत्रही तिथंच सरकवणार आहे.

शेवटी चेली म्हणाली, "आन् ह्यात अम्मा कुठल्या?" मी परत सगळे बघितले, उजेडात नेऊन बघितले. तुम्ही कुठंच नाही. एका फोटोच्या कडेला, शटरपाशी, हिरवा पदर आणि कोपर दिसतं. मी तिला ते दाखवलं. दिसायला कशा होत्या, म्हणाली. सुंदर, म्हणाले मी. तुमचा चेहरा मला आता आठवत नाही, अम्मा.