हरेलीला काढलेली तार

गुरु. २४ जुलै, सायं. ५.४५

वेळ मुद्दाम लिहिते. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर म्हणत, तक्रार असेल तर आधी वेळ लिही, मग रड.

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून रिमोट दाबला. खाली गाडी सुरू झाली आणि पार्किंगमध्ये एकच ओरडा. आज हरेली, इथला छत्तीसगडी अवजारपूजेचा सण. लोक आपापल्या गाड्यांची पूजा करत होते. माझ्या बॉनेटवरही कुणी न विचारता नारळ ठेवलेला. तो घरंगळला. सोसायटीचे सेक्रेटरी साहूजी वर आले. “दीदी, आज औजार को आराम देते हैं. आज तो हल भी नहीं चलता.”

म्हटलं, नांगराला बॅटरी नसते. गाडीची उभ्या उभ्या दोनदा बसली, म्हणून मुलीने रिमोट बसवून दिला. गाडी लागते ती फक्त यांच्या छातीत दुखलं तर दवाखाना गाठायला. रोज इंजिन थोडा वेळ चालवायचं, एवढंच. माझे गुडघे रोज तीन जिने उतरत नाहीत.

“और गियर में रह गई तो? बच्चे खेलते हैं नीचे.”

न्यूट्रलला ठेवते, हँडब्रेक ओढते. तरी बंद केली. सणाचा मान.

शुक्र. २५

रिमोट दाबला. गाडी गप्प. रिमोटचा सेल बदलला. गप्पच. हे पेपरमागून: “राहू दे न. कुठं जायचं आहे आपल्याले?”

पाऊस धो धो. उद्या खाली उतरून बघते.

शनि. २६, हॉस्पिटल

दुपारी जेवताना यांचा हात ताटातच थांबला. घाम. कसंबसं खाली आणलं, किल्ली फिरवली. डॅशबोर्डवर दिवासुद्धा लागला नाही. नवा रायपुरात रस्ते विमान उतरेल एवढे रुंद, ऑटो एक नाही. कॅबवाले येतो म्हणाले आणि रद्द केलं. शेवटी साहूजींनीच आपली गाडी काढली.

डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर

नको.

रवि. २७

कपडे न्यायला घरी आले. गार्डकडून बॉनेट उघडवलं. बॅटरीची एक तार काढलेली, टोकाला लाल कापड गुंडाळलेलं. पार्किंगमध्ये गाड्या एकामागे एक लागतात, म्हणून सगळ्यांच्या दुसऱ्या किल्ल्या गार्डरूममध्ये टांगलेल्या असतात. विश्वासाने दिलेल्या!

साहूजींना तिथेच गाठलं.

“मैंने ही निकाली, दीदी. पूछ के निकाली.”

“किससे?”

“भैया से.”

गाडी माझ्या नावावर आहे. भैया म्हणजे हे, यांना साधा वायपर चालवता येत नाही.

संध्याकाळी यांना विचारलं. नाकात ऑक्सिजनची नळी, तरी मान खाली. “हव, मीच म्हटलं. बाबा हरेलीले सायकलची चेन उतरवून ठेवायचे. तू रात्री पुन्हा चालू करशील म्हणून... सकाळी लावून देतील वाटलं.”

“आणि शुक्रवारी मी सेल बदलत होते तेव्हा?”

“तू इतकी चिडून होती. कोण बोलणार तुले?”

मग हळूच म्हणाले, छाती शनिवारी सकाळपासूनच भरून आली होती.

“सकाळपासून? काहून नाही सांगितलं?”

“गाडी बंद होती न. सांगून तू काय करून राहिली असती?”

बाहेर पॅसेजमध्ये जाऊन बसले. मीनलचा पुण्याहून फोन: “मम्मी, झगड़ा मत करना अभी.” झगडा कोण करतंय.

सोम. २८

साहूजींनी तार लावून दिली. गाडी लगेच सुरू झाली. रविवारी सभा आहे. रिमोटवर बंदी घालायची म्हणतात. घाला. मीही येणार.

दोन पत्रं लिहिली. पहिलं साहूजींना, पोच घेऊन: आपण आम्हाला दवाखान्यात पोचवलंत, त्याबद्दल आभार. तार काढलीत, त्याबद्दल नाही. माझी किल्ली परत करावी. मालकाला न विचारता कुणाच्या गाडीला हात लावणार नाही, असं गुरुवार ३१ जुलै, सायंकाळी पाचच्या आत लेखी कळवावं.

दुसरं यांना. उशीखाली ठेवून आले:

छातीत दुखायला लागल्यावर मला किती वेळाने सांगणार? गाडी चालू असो वा बंद, मी रागात असो वा नसो. उत्तर तुमच्या हाताने, सहीसह. उद्या सकाळी अकराला डिस्चार्ज आहे. त्याआधी मिळालं नाही, तर मी गाडी काढणार नाही.