कंबर अठ्ठावीस

चौबे कॉलनी, रायपूर
३ फेब्रुवारी २००२

आदरणीय कांताबाईंना सुनीतीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमच्या भाचीचं, चेतनाचं लग्न एकोणीस मेला ठरलं. मुलगा भिलाईच्या प्लांटमध्ये आहे. वर्ध्यात आत्याची शिलाई मशीन असताना कपडे बाहेर शिवले तर तुम्ही मला सोडणार आहात का? पांढऱ्या साडीवरचं ब्लाऊज आणि चार पंजाबी ड्रेस हवेत. छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस.

पोरीनं जीव नकोसा केलाय. दुपारी एक पोळी आणि संध्याकाळी लिंबूपाणी एवढंच देते, तर कॉलेजात समोसे खाऊन येते. मी मराठीत रागावते, ती हिंदीत उत्तर देते. तिकडच्यांना सून बारीक हवी, मी तरी काय करू?

लोभ आहेच, तो शिलाईतही दिसू द्या.
तुमची सुनीती

वर्धा
१४ फेब्रुवारी २००२

प्रिय सुनीती, जयभीम.

तुझ्या पत्रामागोमाग चेतनाचं पत्र आलं. त्यात कंबर तेहतीस आहे. मेपर्यंत जेवढी व्हावी असं तुला वाटतं तेवढी तू लिहिलीस, हो ना? वीस वर्षं कपडे बेतते आहे, असं माप मला कुणी पाठवलं नव्हतं.

कॉलेजच्या मॅडमनी पोरींची मापं घेतली, रक्त तपासलं, हे तू का कळवलं नाहीस? हिचे दंड बारीक, वजन बेताचं, पण चरबी पोटाशी आणि रक्तातही. बाप चव्वेचाळीसाव्या वर्षी हृदयविकारानं गेला हे ऐकून मॅडमनी सांगितलं की उपाशी राहू नकोस, डाळ-भाजी-अंडं खा, रोज चाल आणि आईला घेऊन डॉक्टरकडे जा. तू काय म्हणालीस तेही तिनं लिहिलंय. 'लग्न होऊ दे, आता दवाखान्यात कुणी पाहिलं तर सोयरीक मोडेल.' पोट्टी वर्गात चक्कर येऊन पडली तरी तुझं तेच!

धाकटा भाऊ म्हणून लहानूला मी कडेवर वाढवलं. त्याची पोर डॉक्टरला दाखवेपर्यंत मी कापडाला कात्री लावणार नाही. माझ्यावरचा लोभ कमी करायचा तर कर, तिला पोटभर जेवू घाल.
तुझी कांताबाई

रायपूर
३ मार्च २००२

आदरणीय कांताबाईंना जयभीम.

तुमचा फार राग आला. हे स्थळ गेलं तर दुसरं तुम्ही आणणार का, असं लिहिलं आणि फाडलं. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं. 'लग्न होऊ दे' हे माझेच शब्द तुमच्या अक्षरात दिसले.

बाई, चार वर्षं कुणाला सांगितलं नाही. तुमचा भाऊ त्या मार्चमध्ये म्हणाला होता की छातीत दुखून राहिलं. मी म्हटलं, कॉलनीच्या जयंतीचं सगळं तुमच्यावर आहे, चौदा एप्रिल होऊ द्या, मग जाऊ. नऊ एप्रिलला ते गेले.

गेल्या आठवड्यात चेतनाला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, अजून हातात आहे, सध्या गोळ्या नकोत. खाणं नीट आणि चालणं, सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. भिलाईला सगळं खरं कळवलंय. अजून उत्तर नाही. धाकधूक आहे, पण सकाळी दोघी बूढातालाबच्या तळ्याला फेरी मारतो. ती पुढे जाते आणि माझ्यासाठी थांबते.

परवा तिनं टेप माझ्याभोवती धरली. खरी मापं लिहून ठेवा. चेतना तेहतीस. मी एकोणचाळीस. पुढच्या आठवड्यात माझंही रक्त तपासायचं आहे. आता जयंतीची वाट पाहत नाही.

रागावलात तरी लोभ असू द्या.
तुमची सुनीती